साळीच्या चिखलातला मिथेन: तो कसा तयार होतो, डोळ्यांनी कसा पाहायचा आणि कमी कसा करायचा

भाद्रपदात साळीच्या, म्हणजे भाताच्या, वाफ्यात उतरलं की पायाखालून बुडबुडे येतात. एक पाऊल दाबलं की पाच-दहा फुटतात, पाय उपसला की आणखी चार. लहानपणी आम्हाला वाटायचं, खाली बेडूक आहे. बेडूक नसतो. चिखलात कोंडलेला वायू असतो आणि त्यात मिथेन असतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच, आणि हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी जास्त तापवणारा.

मराठवाड्यात राहून साळीवर लिहायला बसलो की ओळखीचे लोक हसतात. सोयाबीन, कापूस, तूर आणि ज्वारीचा हा मुलूख, प्यायच्या पाण्याला टँकर, आणि तू वाफ्यात पाणी उभं करायच्या गोष्टी सांगतोस! पण नांदेड जिल्ह्यातली बिलोली-देगलूर-धर्माबादची तेलंगणाला लागून असलेली पट्टी पाहा, किंवा किनवट-माहूरचा डोंगरपट्टा. तिथे साळ काही काल आलेली नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, जे विहीर, बोअर किंवा कालव्याच्या जोरावर वाफ्यात पाणी उभं करतात आणि हल्ली कुणाकुणाच्या तोंडून 'मिथेन' हा शब्द ऐकतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वाफ्यात गरजेपेक्षा जास्त उभं असलेलं पाणी पिकाने मागितलेलं नसतं, आपल्या भीतीने दिलेलं असतं. उद्या लाईट येईल का, कालव्याची पाळी पुढे ढकलली तर काय, या धाकापोटी आपण आजच बांधाला टेकेपर्यंत भरून घेतो. मिथेन तयार होतो तो बऱ्याच अंशी या भीतीच्या पाण्याखाली. म्हणून पुढच्या साऱ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: अंदाजाच्या जागी मोजमाप आणायचं.

आधी चिखलात काय चालतं ते समजून घ्या

मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. काड, धसकटं, शेणखत, मुळांतून पाझरणारी साखर हे त्यांचं खाणं. खाणं पचवायला त्यांना श्वास लागतो. वापशावर, म्हणजे ओलसर पण पाणी न साचलेल्या, रानात मातीच्या पोकळ्यांत हवा खेळती असते, ऑक्सिजन मिळतो, आणि काड कुजून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. इथे मिथेनचा प्रश्नच येत नाही.

चिखलणी करून पाणी उभं केलं की पोकळ्या पाण्याने भरतात. हवेतून ऑक्सिजन जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतला शिल्लक ऑक्सिजन सूक्ष्मजीव एखाद्या दिवसात संपवतात. मग पंगती बसू लागतात.

पहिली पंगत नायट्रेटवर श्वास घेणाऱ्यांची. तुम्ही टाकलेल्या खतातला नत्र नायट्रेटच्या रूपात असेल, तर तो इथे वायू होऊन उडून जातो. त्यानंतर मँगनीजवाले बसतात. मग लोहवाले. मातीतलं गंजलेलं, तांबूस लोह ते विरघळणाऱ्या लोहात बदलतात, आणि ही पंगत बराच वेळ चालते, कारण मातीत लोह भरपूर असतं. त्यामागून सल्फेटवाले येतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यांच्यामुळे, हायड्रोजन सल्फाइडचा. या सगळ्यांचं उरकल्यावर शेवटच्या पंगतीला मिथेन करणारे बसतात.

हे शेवटचे जीव दिसायला जिवाणूंसारखे असले तरी जिवाणू नव्हेत. आर्किया नावाचं त्यांचं वेगळंच कुळ आहे, आणि ऑक्सिजन त्यांना विषासारखा. इतरांनी काड कुजवताना जे ॲसिटेट आणि जो हायड्रोजन उरतो, त्यावर ते जगतात. ढोबळमानाने दोनतृतीयांश मिथेन ॲसिटेट फोडून होतो आणि एकतृतीयांश हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड जोडून. पण वरच्या पंगतीत लोहवाले किंवा सल्फेटवाले बसलेले असतील, तर ते हे उरलंसुरलंही चाटूनपुसून खातात आणि मिथेनवाले उपाशी राहतात.

आपल्या कामाची किल्ली इथेच आहे. वाफा काही दिवस वापशाकडे नेला की हवा आत शिरते. विरघळलेलं लोह पुन्हा गंजतं, सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं, थोडं नायट्रेटही बनतं. म्हणजे वरच्या पंगतींची पानं पुन्हा मांडली जातात. पुढे पाणी भरलं तरी मिथेनवाल्यांचा नंबर लगेच लागत नाही, आधी ही सगळी पानं संपावी लागतात. चार-पाच दिवसांच्या सुकवणीचा फायदा त्यानंतरही कितीतरी दिवस मिळतो तो यामुळे.

तयार झालेला मिथेन वर येतो तीन वाटांनी. काही बुडबुड्यांतून, थोडा पाण्यात विरघळून हळूहळू. सगळ्यात मोठी वाट मात्र खुद्द साळीच्या रोपातून जाते. साळीच्या देठात पोकळ नळ्या असतात, त्यांतून ती पानांकडची हवा मुळांपर्यंत पोचवते. म्हणून तर ती पाण्यात तगते, आणि सोयाबीन चार दिवसांत माना टाकतं. त्याच नळ्यांतून उलट्या दिशेने मिथेन बाहेर पडतो. हंगामातला ९० टक्क्यांपर्यंत मिथेन या वाटेने जाऊ शकतो. बुडबुडे दिसतात म्हणून आपण त्यांना धरून बसतो, खरी चिमणी रोपच आहे.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. चिबड रानात अतिवृष्टीने चार-पाच दिवस पाणी साचलं, म्हणजे तिथे मिथेनची भट्टी लागली असं नाही. तेवढ्या दिवसांत वरच्या पंगतीच चालू असतात. तिथे तुमचं नुकसान नत्राचं आणि मुळांच्या गुदमरण्याचं होतं. मिथेनला सलग दोन-तीन आठवडे पाणी लागतं. ताजं काड गाडलेलं असेल तर त्याहून कमी.

पायरी पहिली: बरणीत पाहा

वाफ्यात काही बदलण्याआधी हा प्रयोग घरात करा. पोरांनाही दाखवता येतो. काचेच्या तीन सारख्या बरण्या घ्या. तिन्हींत वाफ्यातली चाळलेली माती चार इंच भरा. पहिलीत नुसती माती. दुसरीत आणि तिसरीत मूठभर बारीक चिरलेलं साळीचं काड मिसळा. वर दोन इंच पाणी घाला, काडीने ढवळून आत अडकलेली हवा काढून टाका आणि सावलीत ठेवा. झाकण सैल ठेवायचं. घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने उडेल.

आठ-दहा दिवसांत काडाच्या बरण्यांत काचेला लागून मातीत पोकळ्या दिसू लागतात, मधाच्या पोळ्यासारख्या. बोटाने टिचकी मारली की बुडबुडे सुटतात. नुसत्या मातीच्या बरणीत हे फार कमी किंवा फार उशिरा होतं. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा: मातीच्या अगदी वरचा काही मिलिमीटरचा थर फिकट तपकिरी राहतो, त्याखाली सगळं निळसर काळं होतं. त्या पातळ थरात पाण्यातून उतरलेला ऑक्सिजन असतो आणि तिथे मिथेन खाणारे जिवाणू राहतात. खालून येणाऱ्या मिथेनचा काही भाग ते तिथेच फस्त करतात. बुडबुडा मात्र त्यांच्या तावडीत सापडत नाही, तो सुसाट वर निघून जातो.

पंधराव्या दिवशी तिसऱ्या बरणीतलं पाणी अलगद ओतून टाका. माती नुसती ओलसर, हलक्या भेगा पडेपर्यंत चार-पाच दिवस तशीच राहू द्या, मग पुन्हा पाणी भरा. दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवून रोज पाहा. तिसरीत बुडबुडे पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तुमच्या मातीच्या वरच्या पंगती किती लांब चालतात, हे तुम्हाला त्यावरून कळेल. ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, कारण प्रत्येकाच्या रानातलं लोह, गंधक आणि काड वेगळं.

पायरी दुसरी: वाफ्यातला वायू पकडा

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या. बूड कापा, झाकण राहू द्या. वाफ्यात पाणी तीन-चार इंच असेल अशा जागी बाटली उभी करून तिची कापलेली कड गाळात बोटभर रोवा. झाकण काढून वरून तांब्याने पाणी ओता, काठोकाठ भरलं की झाकण घट्ट लावा. कड बाहेरच्या पाण्याखाली असेल तर आतलं पाणी खाली उतरत नाही. आता बाटलीच्या कडेने तिरपी काडी घालून तिच्याखालचा गाळ ढवळा. बुडबुडे बाटलीत चढतात आणि वरच्या टोकाला जमा होतात. पावबाटली भरली की पुरे.

कडेखाली ताटली सरकवून बाटली तशीच उभी उचला आणि पाण्याने भरलेल्या खोल बादलीत सोडा. दिवेलागणीला करा, कारण ज्योत निळी आणि फिकट असते, उन्हात दिसत नाही. एकाने बाटली खाली दाबायची आणि दाबतानाच झाकण उघडायचं. दुसऱ्याने लांब काडी पेटवून तोंडाशी धरायची. दाब थांबवला तर हवाच आत ओढली जाते आणि प्रयोग फसतो. पहिल्या वर्षी आमचा तसाच फसला होता. कधी वायू पेटतो, कधी नुसतीच काडी विझते. त्या बुडबुड्यात नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडही असतात, त्यांचं प्रमाण जास्त असलं की पेटत नाही.

इटलीत माज्योरे तलावाच्या काठच्या दलदलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली गाळ ढवळूनच हा वायू गोळा केला आणि पेटवून पाहिला. ज्याच्या नावाने आपण आज मोटारीचे व्होल्ट मोजतो तो हाच माणूस.

हे उघड्या रानातच करायचं. विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत किंवा शेणाच्या बंद खड्ड्यात उतरून वायू आहे का ते पाहायला जाऊ नका. तिथे पेटण्याआधी माणूस गुदमरतो.

पायरी तिसरी: मुळं वाचा

लावणीनंतर महिनाभराने एक चूड, म्हणजे रोपांचा एक झुबका, उपटा आणि पाण्यात हलक्या हाताने धुवा. मुळं पांढरी किंवा गंजासारखी तांबूस असतील तर बरं आहे. तो गंज म्हणजे मुळांतून झिरपलेल्या ऑक्सिजनने लोहाला चढवलेला थर. मुळं काळी पडली असतील, बोटाने ओढल्यावर साल निसटत असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर सल्फाइड साचलं आहे. वास मिथेनचा नसतो, मिथेनला वासच नाही. पण हा वास आला की समजा, शेवटच्या पंगतीची पानं मांडायला घेतली आहेत. पाणी तोडायला आजचा दिवस चांगला.

पायरी चौथी: एकदा हिशेब करून ठेवा

हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१९ च्या सुधारित मोजणी-पद्धतीत दक्षिण आशियासाठी सलग पाणी उभ्या असलेल्या आणि काड न गाडलेल्या भातशेतीचा आकडा दिला आहे: हेक्टरी रोज ०.८५ किलो मिथेन. पाणी १०० दिवस उभं राहिलं असं धरू. एका एकराला साधारण ३४ किलो होतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे वजनाने जवळपास अडीच सिलिंडर.

याच पद्धतीत हंगामात एकदा पाणी तोडलं तर आकड्याला ०.७१ ने गुणतात, अनेकदा तोडलं तर ०.५५ ने. म्हणजे ३४ चे १९ किलो, सव्वा सिलिंडर.

आता काड पाहा. एकरी दोन टन कोरडं काड लावणीच्या महिन्याभराच्या आत गाडलं, तर मिथेन पावणेतीनपटीच्या वर जातो: एकरी ९९ किलो, सात सिलिंडर! तेच काड महिन्याभराहून आधी गाडून कोरड्या रानात कुजू दिलं, तर साडेतीन सिलिंडरवर येतो. कुजलेलं कंपोस्टही ताज्या काडाच्या मानाने फार कमी वायू देतं. लोक सारं बोट पाण्याकडे दाखवतात. मला विचाराल तर काडाची तारीख पाण्याइतकीच महत्त्वाची आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या वाफ्याचे नव्हेत. सरासरी किती चुकू शकते याची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. १९९० च्या सुमारास एका अमेरिकी अंदाजात भारतातल्या भातशेतीच्या माथी वर्षाला पावणेचार कोटी टनांहून जास्त मिथेन मारला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभर वाफ्यावाफ्यांत मोजणी झाली आणि आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. आपली कितीतरी भातशेती पावसाच्या लहरीवर सुकते-भिजते, हे त्या जुन्या अंदाजात धरलंच नव्हतं.

पायरी पाचवी: नळी बसवा

वाफा आलटून-पालटून भिजवण्या-सुकवण्याची पद्धत फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुळवली. पाणी मातीत किती खाली गेलं ते दाखवणारं साधन म्हणाल तर भंगारात पडलेला पीव्हीसी पाइप. चार इंच व्यासाचा, फूटभर लांबीचा तुकडा घ्या. खालच्या आठ इंचांत चहूबाजूंनी पाव इंचाची छिद्रं पाडा, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. खिळा तापवूनही पडतात. वरचे चार इंच कोरे ठेवा. लावणीनंतर दहाएक दिवसांनी नळी आठ इंच गाळात रोवा आणि आतला गाळ हाताने उपसून काढा. थोड्या वेळाने आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं पाहिजे. आलं नाही तर छिद्रं बुजलीत.

जागा अशी निवडा की जी वाफ्याची सरासरी असेल. खोलगट कोपऱ्यात नळी बसवली तर ती कायम 'पाणी आहे' म्हणेल आणि उंचवट्यावरचं पीक वाळेल. बांधापासून दोन-तीन पावलं आत ठेवा, रोज चिखलात उतरायला लागलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. रान सपाट नसेल तर आधी ते सपाट करा. एकाच वाफ्यात एकीकडे घोटाभर आणि दुसरीकडे कोरडं असेल, तर दहा नळ्या लावूनही उपयोग नाही.

आतली पातळी मोजायला काडीवर इंचाच्या खुणा करा. संस्थेची शिफारस आहे की पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच जाईपर्यंत पिकाला धक्का लागत नाही. पण आपल्या काळ्या रानात मी चार इंचांवरच थांबायला सांगेन. काळी माती सुकली की भेगाळते, आणि भेगा बोटभर रुंद झाल्या की पुढचं पाणी सरळ खाली जातं. वाचवायला गेलो ते पाणी दुप्पट घालावं लागतं. केसासारखी पहिली भेग दिसली की भरायची वेळ झाली, मग नळी काहीही म्हणो. मुरमाड-तांबड्या रानवाल्यांना किनवटकडे ही अडचण कमी.

पायरी सहावी: पाणी कधी ठेवायचं, कधी तोडायचं

लावणीपासून पहिले दोन आठवडे इंच-दोन इंच पाणी राहू द्या. रोप रुजतं आणि तण दबतं. या काळात मिथेनची काळजी करू नका. तणाने वाफा भरला तर पुढचं सगळं फुकट.

त्यानंतर पोटरीत येईपर्यंतचा, म्हणजे लोंबी देठात फुगेपर्यंतचा, काळ आपला आहे. दोन इंच भरा, मग नळीत चार इंच खाली जाईपर्यंत हात लावू नका, पुन्हा दोन इंच भरा. फुटवे भरात असताना, लावणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, एकदा पाच-सात दिवसांची जरा लांब सुकवणी द्या. सुकवणीच्या पहिल्या दिवशी बुडबुडे उलट वाढलेले दिसतील. घाबरू नका, पाण्याचं वजन उतरलं म्हणून आधीचाच कोंडलेला वायू सुटतो आहे.

खरिपात पाऊस हातात नसतो. पण आपल्याकडे उघडीप पडतेच, श्रावणात तर हमखास. सुकवणी ती उघडीपच करून देते. आपण फक्त एवढं करायचं की पाऊस थांबला त्या संध्याकाळी मोटार चालू करायची नाही. बांधाचं तोंड दोन इंचांवर ठेवा, म्हणजे धो-धो पावसाचं जादा पाणी आपोआप निघेल.

पोटरी ते फुलोरा या टप्प्यात प्रयोग बंद. निसवायच्या आठवडाभर आधीपासून फुलोरा संपल्यावर आठवडाभर दोन इंच पाणी ठेवायचंच. इथे ताण बसला तर लोंबीत पळंज, म्हणजे पोकळ दाणा, राहते आणि ती भरून निघत नाही. याच काळात मुळांतून भरपूर साखर पाझरते, म्हणून मिथेनही चढतो. चढू द्या. दाणा भरू लागला की पुन्हा नळीकडे वळा, आणि काढणीच्या दोन आठवडे आधी पाणी पूर्ण तोडा.

लाईटचं काय? हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि रास्त आहे. माझा नियम असा: संध्याकाळी नळी पाहायची. पाणी दोन इंचांहून कमी खाली असेल तर रात्रीची लाईट असूनही मोटार लावायची नाही. तीन इंच खाली असेल आणि कालव्याची पाळी आठवड्यावर असेल किंवा ट्रान्सफॉर्मर कुरकुरत असेल, तर भरून घ्यायचं. त्यात लाज नाही. आमचे आबा आधी म्हणायचे, "साळीला तहान विचारायची नसते, पाजायचं." दुसऱ्या वर्षी तेच पहाटे काडी घेऊन नळीशी बसलेले दिसले.

या पद्धतीने पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. मिथेनसाठी नसेल करायचं तर नका करू. रात्री दोन वाजता दारं धरायला जाणं आठवड्यातून एकदा जरी वाचलं, तरी मला ते पुरेसं कारण वाटतं.

पायरी सातवी: काड आणि युरिया

खरिपाची एकच साळ घेत असाल तर काढणीनंतर ओल असतानाच धसकटं नांगरून टाका. पुढच्या लावणीपर्यंत सहा-सात महिने हवेत कुजायला मिळतात. खरी अडचण उन्हाळी साळ घेणाऱ्यांची. हार्वेस्टर बाहेर पडतो आणि पंधरा दिवसांत चिखलणी लागते. मग एकतर काड पेटवतात, नाहीतर ओलंच गाडतात. पेटवू नका हे सांगायला नको. गाडण्याऐवजी काड गोळा करून जनावरांना घाला, उरलेलं बांधावर शेणकाला शिंपडून ढीग लावा. धैंचा-ताग गाडून लगेच पाणी भरण्यालाही माझा विरोध नाही, पण त्यानेही मिथेन वाढतो; वाफ्यात पाणी उभं करण्याआधी जितका वेळ देता येईल तितका द्या.

युरियात एक गोम आहे. सुकलेल्या मातीत नायट्रेट तयार होतं आणि पाणी भरलं की त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. मिथेन सुमारे २७ पट. म्हणजे एक दार लावताना दुसरं उघडं टाकायचं नाही. युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत द्या. हप्ता सुकवणीच्या सुरुवातीला टाकू नका. सुकवणी संपली की ओलसर मातीवर टाका आणि लगेच पाणी भरा. पाण्याबरोबर तो खाली मुळांकडे उतरतो आणि तुमचे पैसेही हवेत जात नाहीत.

पिवळं पडलं तर

आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी तोडलं की साळीची नवी पानं कधीकधी पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. पाणी उभं असताना लोह विरघळलेलं असतं, सुकवणीत ते पुन्हा गंजून मुळांच्या हाती लागत नाही. ज्या गुणामुळे मिथेन थांबतो त्याचंच हे दुसरं टोक. अर्धा ते एक टक्का फेरस सल्फेटची फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करा, आणि त्या वाफ्यात सुकवणी आखूड ठेवा. जुनी पानं तपकिरी ठिपक्यांनी गंजल्यासारखी दिसत असतील तर मात्र संशय जस्तावर घ्या, आणि पुढच्या चिखलणीला एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या.

याच कारणाने परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पेरसाळीवरचं काम मला मोलाचं वाटतं. प्रभावती, पराग यांसारखे वाण चिखल न करता, तिफणीने पेरून घेण्यासाठी आहेत. पेरसाळीच्या रानात पाणी उभंच नसतं, त्यामुळे आयपीसीसीच्या पद्धतीत तिचा मिथेन शून्य धरतात. कोळपणी मात्र चुकवता येत नाही.

कुणी कार्बनचा कागद, म्हणजे वाचवलेल्या वायूबद्दल पैसे देण्याचा करार, घेऊन आलं तर

सही करण्याआधी वरचा हिशेब काढून बसा. काड न गाडलेल्या एकरात ३४ चे १९ झाले म्हणजे १५ किलो मिथेन वाचला. २७ ने गुणा, एकरी साधारण चारशे किलो कार्बन डायऑक्साइड. अर्धा टनही नाही. मग समोरच्याला विचारा: टनाला मला किती, तुम्हाला किती, नळीची नोंद कोण ठेवणार, करार किती वर्षांचा, मध्येच मी ऊस लावला तर काय? उत्तरं कागदावर मागा. एकराला हजारोंनी मिळतील असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

काढणीआधी नळ्या आठवणीने उपटून घ्या, धुवा आणि माळ्यावर टाका. आमची एक गेल्या वर्षी वाफ्यात राहिली, हार्वेस्टरच्या दात्यात अडकली आणि दुपारभर मशीन उभं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक नळीच्या टोकाला लाल साडीची चिंधी बांधलेली असते.